रॅम वाढवली, तरी लॅपटॉप चालू व्हायला तेवढाच वेळ का

बाबांचा लॅपटॉप २०१७ चा, विंडोज १०, रॅम ४ जीबी आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क. सोसायटीचा हिशोब ते त्याच्यावरच ठेवतात, आणि बटण दाबल्यापासून एक्सेल उघडेपर्यंत सहा मिनिटं जायची, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बघितलंय मी. दुकानात विचारलं तर म्हणाले रॅम टाका, फटाफट चालू होईल.

४ जीबीची आणखी एक पट्टी आणली. मागचं झाकण काढलं, आधी बॅटरीचं कनेक्शन सोडवलं, पट्टी तिरकी घालून खाली दाबली की दोन्ही बाजूच्या क्लिपा टक्कन बसतात. चालू केला तर अर्धा मिनिट स्क्रीन काळी ठिक्कर, पोटात गोळाच आला! पण रॅम बदलली की पहिल्या वेळी बोर्ड ती ओळखून जुळवून घेतो, त्यात वेळ जातो, घाबरून लगेच बंद करू नका.

मग मोजलं. लॉगिन स्क्रीन यायला आधी १ मिनिट ५० सेकंद, आता १ मिनिट ४५. खूप वाईट वाटलं. पण एक्सेल मात्र साडेतीन मिनिटांत उघडलं, आणि तिथे मला कळलं की हे दोन वेगळे टप्पे आहेत. लॉगिनपर्यंत विंडोज डिस्कवरून फायली वाचत असतं, तिथे डिस्कच हळू असेल तर रॅम काय करणार. लॉगिननंतर अँटिव्हायरस, ब्राउझर, अपडेट सगळे एकदम जागे होतात, ४ जीबी पुरत नाही, मग विंडोज रॅममधला माल डिस्कवरच्या पेजफाईलमध्ये टाकतं आणि परत उचलतं, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते ती बरीचशी त्यामुळे. ती ओढाताण रॅमने कमी झाली.

पुढच्या महिन्यात सॅटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली, कितीतरी वेगवान डिस्क) टाकली, लॉगिन २० सेकंदांत, एक्सेल पाऊण मिनिटात. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर माझं मत स्पष्ट आहे, आधी एसएसडी घ्या.

आणि मोजायचं असेल तर रीस्टार्ट करून मोजा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची, म्हणजे विंडोजच्या गाभ्याची, स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच उचलतं. मी आधी एकदा शट डाउन, एकदा रीस्टार्ट असं मोजत होतो, आकडे काही केल्या जुळेनात, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. बाबा रोज रात्री लॅपटॉप बंद करतात तरी टास्क मॅनेजरमध्ये अप टाइम (विंडोज किती वेळ सलग चालू आहे तो आकडा) ११ दिवस दिसत होता, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.