वारं गेलं नव्हतं

बेळगावच्या आमच्या वडगावात, लग्नात, रेशनच्या रांगेत एकच प्रश्न. "वारं गेलतं काय ओ?" म्हणजे लकवा मारला होता काय. नाही म्हटलं की पुढचा, "पायाचं सेप्टिक तर बरं झालं न्हवं? मग अजून काठी कशाला?" तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहितो.

वाऱ्यात बहुधा एक बाजू जाते, तोंड वाकडं होतं. माझे दोन्ही हात, दोन्ही पाय सारखेच गेले आणि तोंड शाबूत राहिलं. तळपायात खिळा घुसला, त्याचं विष रक्तात भिनलं. (अंगात साखर आहे हे माहीत असून चार दिवस हळद दाबून कापड विणायच्या मागावर उभा होतो. त्यावर बायकोनं बोलायचं ते बोलून झालंय.)

दवाखान्यात श्वासाच्या मशीनवरचे सतरा दिवस मला आठवत नाहीत. झोपेचं औषध थांबवलं ती सकाळ मात्र जात नाही. सिस्टर म्हणाली, "काल एत्तरी." कन्नडात 'काल' म्हणजे पाय. कन्नड मला चांगलं येतं, पण त्या धुंदीत 'काल' मराठीतच ऐकू आला. काल काय? काल कोण आलं होतं? मी आठवत राहिलो. मग ती म्हणाली, "काका, पाय उचला." उचलला. म्हणजे मला वाटलं, उचलला. चादर हलली नव्हती. तिनं बोटाच्या नखावर पेन दाबलं. कळ मस्तकात गेली, तोंड वेडंवाकडं झालं, हात तिथंच. बायको पलंगापाशी उभी. ह्यांना समजतंय, दुखतंय, आणि तरी हलत नाहीत, एवढंच तिला दिसलं. "माझ्यावर रागावलाय काय?" घशात नळी, सांगू कसं? दोन दिवसांनी नळी काढली, तर संध्याकाळी परत घालावी लागली. श्वास ओढणारा पडदाही स्नायूच की.

मग नसांना वीज देऊन तपासलं. क्रिटिकल इलनेस पॉलीन्यूरोपथी, म्हणजे जिवावरच्या आजारात हातापायांच्या नसा निकामी होणं. कॅनडातल्या डॉ. बोल्टन यांनी १९८४ साली असे पाच रुग्ण नोंदवले होते. जंतूंशी लढताना शरीर जो भडका उडवतं, त्यात बारीक रक्तवाहिन्या गळू लागतात, नसांना प्राणवायू पुरत नाही, त्यांचे तंतू टोकाकडून मरतात. स्नायू आपलंच प्रथिन मोडत सुटतो. वाढलेली साखर त्यात तेल ओतते. जंतू मेले म्हणून हे भरून येत नाही. नस वाढते दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. गुडघ्यापासून अंगठ्यापर्यंतचा हिशेब तुम्हीच करा. ताण्यातला तुटलेला धागा मी मिनिटात सांधतो. हा सांधायचा कसा?

थोरला भाऊ म्हणतो, "तू मनावर घेत नाहीस." मी भडकतो. पण आजारातून उठलेल्या आमच्या एका कामगाराला मीच सुनावलं होतं, "ताप जाऊन महिना झाला, सुस्तावलास तू." त्याचा चेहरा आता आठवतो. आणि खरं सांगू? पडायच्या भीतीनं व्यायाम मीही चुकवलाय, बरेच दिवस. ह्या पायात नसांचा दोष किती आणि माझा किती, मला निवडता येत नाही. भावालाही येत नाही, एवढं मात्र मी ऐकवणार.

परवा गणपत गल्लीत डाव्या पायातली चप्पल निसटली. मला पत्ताच नाही. मागून एका पोरानं हाक मारली, चप्पल आणून दिली, काठीकडे बघितलं.

"काका, वारं गेलतं काय?"

"होय," म्हटलं. ऊन तापलं होतं आणि चप्पल पायात घालायला मला वेळ लागतो.