खिळ्यांविना जहाज

हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरात मुलांना कदंब राजघराण्याचा इतिहास सांगताना दरवर्षी एका ठिकाणी माझी गाडी अडत असे. गोव्याच्या कदंबांचे एक मोठे ठाणे इथे, आपल्या खानापूर तालुक्यात, आणि दुसरे गोव्यातल्या गोपकपट्टणाच्या बंदरात होते, हे मुले पाठ करीत. परंतु घाटावरच्या गावाचा समुद्राशी काय संबंध, हे त्यांच्या मनात उतरत नसे.

यंदा मी नौदलाच्या 'कौंडिण्य' या जहाजापासून सुरुवात केली. अजिंठ्याच्या 5 व्या शतकातील भित्तिचित्रावरून गोव्यात खिळ्यांऐवजी सुंभाने फळ्या शिवून बांधलेले हे जहाज 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झाले. त्याच्या शिडावर गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी, आहे. मुख्य कारागीर केरळचे बाबू शंकरन. मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, अशा जहाजाचा एकही मूळ आराखडा उपलब्ध नसताना, केवळ भिंतीवरच्या सपाट चित्रावरून त्याची लांबी-रुंदी, डोलकाठ्या आणि सुकाणूऐवजी वापरायची वल्ही हे सारे नव्याने ठरवावे लागले, आणि ते समुद्रात टिकेल की नाही हे आयआयटी मद्रासमध्ये प्रतिकृतीवर तपासून घ्यावे लागले. पुढे डिसेंबर 2025 मध्ये ते पोरबंदरहून शिडांच्या बळावर मस्कतकडे निघाले.

एवढे सांगूनही फळ्या 'शिवतात' म्हणजे नेमके काय करतात, हे मुलांना कळेना. म्हणून आम्ही हातभर लांबीची होडी करायला घेतली. फळ्यांच्या कडांना समोरासमोर भोके पाडली, सांध्यावर नारळाच्या काथ्याची वळी ठेवली आणि तिच्यावरून सुंभाचे टाके घालत फळ्या एकमेकींना आवळल्या. काथ्या बोटांना कापतो. टाका ओढताना सुंभ करकरतो, आणि तो आवाज थांबला की टाका बसला, हे सातवीतल्या एका मुलीने माझ्याआधी ओळखले. भोके राळेने बुजवली.

मलप्रभेत सोडताच होडीत पाणी शिरले. एका बाजूचे टाके मीच घाईने घातले होते आणि ते सैल राहिले होते. मुलांनी ती बाजू पूर्ण उसवून पुन्हा शिवली. "सर, लाकूड भिजलं की फुगतं, मग फट आपोआप मिटेल ना?" असे त्या मुलीने विचारले. आता होडी शाळेच्या पिंपात भिजत पडली आहे, आणि मुले रोज मधल्या सुटीत सांध्यांवरून बोट फिरवून पाहतात.