दोगिरीचा चढ आणि घडीचं चित्र

जपानमधली कुमानोची पायी यात्रा. होंगूच्या देवळापर्यंतचे दिवस आता एकमेकांत मिसळलेत. ओजी म्हणजे वाटेवरचं छोटं देवस्थान, पाऊस, वहीत शिक्का, पुन्हा ओजी. होंगूचं मूळ देऊळ 1889च्या पुरात गेलं. त्या जागेची प्रचंड तोरी, म्हणजे देवळाची कमान, पाहिली, हात जोडले, निघालो.

कोगुची ते नाची मात्र पावलागणिक आठवतं. चढ लागतो न लागतो तोच वारोदा-इशी. शेवाळलेला थोरला दगड, त्यावर तीन बीजाक्षरं, तीन बौद्ध देवतांची: अमिदा, याकुशी, कान्नोन. म्हणजेच कुमानोच्या तीन मुख्य देवळांचे देव: होंगू, हायातामा, नाची. तिघे देव इथे बसून गप्पा मारतात म्हणे. ही सिद्धम् लिपीतली अक्षरं आपल्या नागरीच्या नात्यातली, तरी मला एकही धड वाचता येईना.

मग दोगिरी-झाका. नावाचा अर्थच धड कापणारा चढ. उजव्या टाचेचा फोड फुटला. विठ्ठल म्हणायला तोंड उघडलं आणि शिवी बाहेर पडली.

वरून उतरणाऱ्या एक आजी थांबल्या. "दाइजोबु?" म्हणजे, ठीक आहेस ना? मी मान हलवली, त्यांना पटलं नाही. माझा चिखलाचा पाय सरळ मांडीवर घेतला, पुसला, पट्टी चिकटवली. मी लाजेनं अर्धा. वारीत पाय चेपून घेताना अशी लाज कधी वाटली नाही. मग एक उमेबोशी, खारवलेलं जपानी फळ, हातावर ठेवली. आंबटखारट, डोळे मिटायला लावणारी.

पिशवीतून घडीचा कागद निघाला. नाचीच्या यात्रा-मंडलाची, म्हणजे तिथल्या तीर्थयात्रेच्या जुन्या चित्राची, छापील प्रत. बिकुनी, म्हणजे भिक्षुणी, अशीच चित्रं घडी करून गावोगाव न्यायच्या, बोट ठेवत कथा सांगायच्या. आजींचं बोटही तसंच फिरलं: खाली फुदाराकुला, कान्नोनच्या पोतलक-लोकाला, निघालेली होडी, मग दरवाजे, देवळं, उजवीकडे धबधबा, वर सूर्य-चंद्र. पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं चित्रभर पुन्हापुन्हा भेटत होती. बोट त्यांच्यावर, मग माझ्यावर, मग स्वतःवर.

1868 साली सरकारी हुकमानं शिंतो देव आणि बुद्ध वेगळे केले. या चित्राला ती कात्री लागलेली नाही. विठोबाच्या मस्तकी शिवलिंग मानणाऱ्या मला त्याचं नवल ते काय!

कागद मला देतील असं वाटलं. नाही दिला. नीट घडी घालून त्या खाली उतरल्या.

नाचीत शिंतो देऊळ आणि सेइगान्तो-जी हे बौद्ध मंदिर शेजारी शेजारीच. 133 मीटरचा धबधबा हाच देव, मूर्ती नाही. समोर फोटोवाल्यांची झुंबड, कोपर लागलं, चिडलो. मुक्कामी मोजा काढला. पट्टी जागची हलली नव्हती. ती सोलायचं काम सकाळवर ढकललं.