अर्ध्या तासाच्या आतलं पाणी

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून देशोदेशींच्या पाण्याचे आकडे काढतात. त्यात 'मूलभूत' पाणी म्हणजे नळ, हातपंप किंवा संरक्षित विहिरीचं पाणी, आणि जाणं, रांग, येणं धरून एक खेप 30 मिनिटांच्या आत. घरीच, हवं तेव्हा आणि दूषित नसलेलं मिळालं तर वरची पायरी: 'सुरक्षित व्यवस्थापित'.

काँगो लोकशाही प्रजासत्ताकात निम्म्याहून जास्त लोक मूलभूतच्याही खाली आहेत. भारत 90 टक्क्यांच्या वर आहे. हातपंप जवळ असलेलं विदर्भातलं गाव या मोजणीत सहज पास होतं. पण वेळ मोजतात तो एका खेपेचा, दिवसाचा नाही. जलजीवन मिशनच्या मापाने माणशी रोज 55 लिटर धरले तर पाच जणांच्या घराला 275 लिटर लागतात. 15 लिटरच्या गुंडाने अठरा-एकोणीस खेपा. वीस मिनिटांची एक खेप म्हटली तरी बायांचे सहा तास गेले, आणि तक्त्यात हे घर 'मूलभूत'!

हातपंपाचंही तेच. इंडिया मार्क टू हा गावोगावचा नेहमीचा हातपंप मिनिटाला सुमारे 12 लिटर देतो. 250 माणसांना एक पंप, माणशी 40 लिटर, या जुन्या निकषाने तो रोज जवळजवळ चौदा तास सलग हापसावा लागेल. सकाळी पाणी यायला बरेच हापसे लागत असतील तर फूट व्हॉल्व्ह, म्हणजे चढलेलं पाणी परत खाली जाऊ न देणारी झडप, गळतोय. थोडं पाणी येऊन पंप कोरडा पडत असेल तर पाण्याची पातळी सिलेंडरखाली, म्हणजे पाणी खेचणाऱ्या नळकांड्याखाली गेली आहे. बोअरला खोली शिल्लक असेल तरच पाइप वाढवून उपयोग होतो.

आता चवीचा आणि विषाचा भाग. बांगलादेशात जवळपास 98 टक्के लोकांना मूलभूत पाणी आहे, सुरक्षित मात्र साधारण 60 टक्क्यांना. मधली दरी आर्सेनिकची आणि मैल्यातल्या जंतूंची. आपल्याकडे पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्यात, खारटपणा जिभेला तरी कळतो. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या बोअरांतलं फ्लोराइड कळत नाही. मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. लेकरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसेपर्यंत वर्षं गेलेली असतात, पुढे हाडं धरतात. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं.

टीसीएल पावडरही, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, फक्त जंतूंसाठी. 33 टक्के क्लोरीनची पावडर 1000 लिटरला अडीच ग्रॅम, गढूळ पाण्याला जास्त. विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785 केलं की लिटर निघतात. पावडर बादलीत कालवून गाळ बसू द्यायचा, वरचं पाणीच विहिरीत सोडायचं आणि अर्ध्या तासाने ओटी टेस्ट घ्यायची, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का ते रंगावरून बघायचं. पिवळा रंग आला नाही तर बहुतेक वेळा पोतं उघडं राहून क्लोरीन उडालेलं असतं.

ग्रामसभेत पाण्याचा तपासणी अहवाल मागाल तेव्हा 'पिण्यास योग्य' एवढ्या शेऱ्यावर थांबू नका. प्रत्येक स्रोतापुढे फ्लोराइड, नायट्रेट आणि टीडीएसचा (विरघळलेल्या क्षारांचा) आकडा मागा, आणि नमुना कोणत्या महिन्यात घेतला तेही.