विंटर फ्युएल आपोआप येतं, पेन्शन क्रेडिट मागावं लागतं

ब्रिटनमध्ये थंडी तोंडावर आली की आईवडिलांच्या वतीने मुलं एकच विचारतात: ते हीटिंगचे दोनशे पौंड यंदा मिळणार का? बहुतेकांना मिळतात, आणि त्यासाठी बोटही हलवावं लागत नाही. खरं नुकसान दुसरीकडे होतं. ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना त्याहून कितीतरी जास्त रक्कम पेन्शन क्रेडिट या सरकारी मदतीतून मिळू शकते, पण ती मागितल्याशिवाय कोणी देत नाही. इथले आकडे २०२५-२६ चे आहेत.

विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे हीटिंगचे ते पैसे, १९९७ पासून आहे. २०२४ च्या हिवाळ्यात इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारने ते पेन्शन क्रेडिट किंवा तत्सम मदत घेणाऱ्यांपुरतं ठेवलं, बराच गदारोळ झाला, आणि जून २०२५ मध्ये निर्णय फिरवला. २०२५-२६ साठी जन्म २२ सप्टेंबर १९५९ च्या आधीचा असेल आणि १५ ते २१ सप्टेंबर २०२५ या आठवड्यात वास्तव्य इंग्लंड किंवा वेल्समध्ये असेल तर घरामागे २०० पौंड, घरात कोणी ८० किंवा त्यापुढचं असेल तर ३००. घरात दोन पात्र माणसं असली तर रक्कम वाटली जाते: दोघंही ऐंशीच्या आतले असतील तर १००-१००, दोघंही ऐंशीच्या पुढचे असतील तर १५०-१५०. आई आणि सासू एकाच छताखाली राहत असतील तरी हाच हिशेब. नवरा-बायकोचं मिळून पेन्शन क्रेडिट चालू असेल तर मात्र पूर्ण रक्कम एकाच्याच खात्यात येते.

पैसे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येतात. बँकेच्या स्टेटमेंटवर नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि त्यापुढे 'डीडब्ल्यूपी डब्ल्यूएफपी' असं दिसतं. 'अर्ज करा, इथे क्लिक करा' असा मेसेज फोनवर आला तर तो फसवणुकीचाच समजा आणि पुसून टाका. करपात्र उत्पन्न ३५,००० पौंडांच्या वर असलेल्यांकडून ही रक्कम करातून पूर्ण परत घेतली जाते. ही मर्यादा माणशी आहे, घरामागे नाही.

अर्ज करावा लागतो तो मुख्यतः स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी पेन्शन, पुढे ढकललेल्यांना किंवा ती मुळातच न मिळणाऱ्यांना. उतारवयात मुलाकडे आलेल्या आईवडिलांपैकी बरेचजण या दुसऱ्या गटात मोडतात. २०२५-२६ साठी शेवटची तारीख ३१ मार्च २०२६.

आता पेन्शन क्रेडिट. २०२४ मध्ये विंटर फ्युएल त्याला बांधलं गेलं तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती. बंधन सुटलं आणि लोकांनी विषयही सोडून दिला, हे वाईट झालं. यात सरकार आठवड्याचं उत्पन्न एका पातळीपर्यंत भरून देतं: एकट्या माणसाला २२७.१० पौंड, जोडप्याला ३४६.६०. जोडप्यातल्या दोघांनीही पेन्शनचं वय, म्हणजे २०२५-२६ मध्ये ६६, गाठलेलं असावं लागतं. नवरा सत्तर आणि बायको साठची असेल तर नवा अर्ज चालत नाही.

उदाहरण घेऊ. एकटी राहणारी ७६ वर्षांची बाई. स्टेट पेन्शन आठवड्याला १९० पौंड, नवऱ्यामागची कंपनीची पेन्शन २०, बँकेत शिल्लक १४,२००. आपण 'आपल्याकडे शिल्लक आहे, आपल्याला कुठलं मिळायला' म्हणून गप्प बसतो, पण नियम तसा नाही. पहिले १०,००० पौंड धरतच नाहीत. त्यावरच्या दर ५०० पौंडांमागे, किंवा त्याच्या तुकड्यामागे, आठवड्याला १ पौंड उत्पन्न मानतात. इथे वरचे ४,२०० म्हणजे आठ पूर्ण आणि एक अर्धवट, एकूण ९ पौंड. १९० अधिक २० अधिक ९ म्हणजे २१९. पातळी २२७.१०, म्हणून तिला आठवड्याला निदान ८.१० पौंड मिळतील, वर्षाला ४२१.२०.

आठ पौंडांसाठी एवढी कटकट कशाला, असं कोणी म्हणेल. त्या आठ पौंडांच्या मागून काय येतं ते बघा. वॉर्म होम डिस्काउंटचे १५० पौंड वीजबिलातून वजा. पंचाहत्तरीच्या पुढे टीव्ही लायसन्स फुकट, एरवी ते १७४.५० पौंडांना पडतं. कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे घरपट्टीत, सूट, ती कौन्सिलकडे वेगळी मागायची. आणि कोल्ड वेदर पेमेंट: १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात सलग सात दिवसांचं सरासरी तापमान शून्य अंश किंवा त्याखाली गेलं, किंवा जाईल असा अंदाज असला, की २५ पौंड आपोआप. यात सरासरी दिवसरात्रीची मिळून असते आणि ती पिनकोडला जोडलेल्या हवामान केंद्राची. रात्री गाडीच्या काचेवर बर्फ धरलं पण दुपारी सहा अंश झाले, तर तो आठवडा धरला जाईलच असं नाही.

उत्पन्न पातळीच्या थोडं वर असलं म्हणूनही लगेच हात झटकू नका. रोजच्या आंघोळीला, कपडे घालायला, उठायला-बसायला मदत लागत असेल तर आधी अटेंडन्स अलाउन्स मागा. आठवड्याला कमी दर ७३.९० पौंड, जास्त दर ११०.४०, आणि हे पैसे उत्पन्नात धरत नाहीत. उलट, अशी व्यक्ती एकटी राहत असेल आणि तिची काळजी घेतो म्हणून कोणी केअरर्स अलाउन्स घेत नसेल, तर पेन्शन क्रेडिटची पातळी ८२.९० ने वाढून ३१०.०० होते. म्हणजे आठवड्याला २४० पौंड असलेला माणूस, जो आधी पात्रतेच्या बाहेर पडत होता, त्याला आता ७० पौंड मिळतात. हा क्रम फार कमी जणांना माहीत असतो. मुलाबरोबर राहणाऱ्यांना ही वाढ सहसा मिळत नाही.

मुलाबरोबर राहणाऱ्यांच्या मनात आणखी एक भीती असते, ती निराधार आहे. मुलाचा किंवा सुनेचा पगार पेन्शन क्रेडिटच्या हिशेबात येत नाही. फक्त अर्जदार आणि जोडीदार बघतात. वॉर्म होम डिस्काउंटचं मात्र उलटं: ठरलेल्या तारखेला, २०२५-२६ साठी २४ ऑगस्ट २०२५, वीजबिलावर अर्जदाराचं किंवा जोडीदाराचं नाव हवं. बिल मुलाच्या नावावर असेल तर ते १५० पौंड गेले.

भारताशी संबंध असलेल्यांचे अर्ज अडकतात ते तीन ठिकाणी. पहिलं, भारतातली पेन्शन, बँकेतल्या ठेवी, गावाकडच्या घरातला किंवा जमिनीतला आपला वाटा, हे सगळं सांगावं लागतं. राहतं घर धरत नाहीत, पण दुसरी मालमत्ता धरतात. मदत मिळावी म्हणून मुद्दाम मुलीच्या नावावर केलेले पैसे अजून तुमच्याकडेच आहेत असं मानलं जातं. दुसरं, प्रवास. पेन्शन क्रेडिट चालू असताना परदेशात साधारण चार आठवडेच राहता येतं. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूसारख्या कारणाने आठ, उपचारांसाठी सव्वीस. परतीचं तिकीटच अडीच महिन्यांनंतरचं असेल तर पेन्शन क्रेडिट निघण्याच्या दिवसापासूनच थांबतं, आणि न सांगता घेतलेले पैसे वसूल केले जातात. हिवाळ्यात भारतात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवूनच तिकीट काढावं. तिसरं, व्हिसा. पब्लिक फंड्स, म्हणजे सरकारी मदत, घेता येणार नाहीत अशी अट असेल तर यातलं काहीच मिळत नाही, आणि मुलाने आईवडिलांना सांभाळण्याची लेखी हमी देऊन आणलं असेल तर साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. त्यानंतर, ब्रिटनमध्ये एक दिवसही नोकरी केलेली नसली तरी, पेन्शन क्रेडिट मागता येतं, कारण ते नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांवर अवलंबून नाही.

अर्ज फोनवर होतो: ०८०० ९९ १२३४. ऑनलाइन किंवा छापील फॉर्मवरही करता येतो. आईच्या वतीने तुम्ही बोलू शकता, फक्त ती शेजारी हवी. इंग्रजी अडत असेल तर सुरुवातीलाच दुभाषी मागा. हाताशी ठेवायचं: नॅशनल इन्शुरन्स नंबर, बँक खात्याचा तपशील, प्रत्येक पेन्शनचा आकडा आणि प्रत्येक खात्यातली शिल्लक. आकडे ढोबळ सांगू नका, त्या दिवशीचं स्टेटमेंट समोर धरूनच बोला. आधीपासून पात्र असाल तर मागच्या तीन महिन्यांचे पैसेही मिळतात, ते मागायला विसरू नका.

स्कॉटलंडमध्ये नावं आणि रकमा वेगळ्या आहेत. तिथे पेन्शन एज विंटर हीटिंग पेमेंट २०३.४० किंवा ३०५.१० पौंड, आणि कोल्ड वेदर पेमेंटऐवजी, थंडी पडो न पडो, एकरकमी ५९.७५.

अर्ज नाकारला गेला तर पत्रात शिल्लक किती धरली आहे ते आधी बघा. मुलाबरोबरचं जॉइंट खातं पूर्ण आईच्या नावे धरलेलं सापडू शकतं, खरं तर सहसा निम्मंच धरायचं असतं. पत्राच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत 'मँडेटरी रिकन्सिडरेशन', म्हणजे निर्णयाचा फेरविचार, मागायचं आणि त्याबरोबर त्या खात्याची स्टेटमेंट जोडायची.