चौथा महिना: ग्रेगोरियन चालीवर सॅक्सोफोनची उपज

ग्रेगोरियन, म्हणजे चर्चमधील एकपदरी गायनपरंपरेतील, मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र आणि सोप्रानो सॅक्सोफोनची उत्स्फूर्त उपज यांची सांगड घालण्याच्या आमच्या खटपटीला चार महिने झाले. तानपुरा बंद केल्यापासून प्रथमच काही जमू लागले आहे, म्हणून या वेळची नोंद थोडी सविस्तर लिहीत आहे.

अंधेरीतील एका चर्चच्या गायकवृंदात गाणारे दोन ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातील मूळ मराठी ख्रिस्ती समाजातील) मित्र, गिरगावातील एक पेटीवादक स्नेही आणि मी असे आम्ही चौघे आहोत. ‘आव्हे मारिस स्टेला’ हे मरियेचे सात कडव्यांचे स्तोत्र आम्ही निवडले. त्याची चाल पहिल्या, म्हणजे डोरियन मोडमधील (चर्चसंगीतातील स्वरसप्तकाच्या एका प्रकारातील) आहे. आम्ही स्वरिता, म्हणजे आधाराचा ‘सा’, पांढरी 2 धरली आहे; सोप्रानो बोटांच्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर खाली वाजत असल्याने त्यावर मला पांढरी 3 समजून बोटे टाकावी लागतात.

डोरियनचे सप्तक आणि काफी थाट यांचे स्वर एकच आहेत, आणि याच साम्याने मला तीन महिने चकवले. कोमल गंधारावर मींड घेतली की हात आपोआप रागाकडे वळत असे आणि स्तोत्र मागे पडे. त्याहून मोठी अडचण तानपुऱ्याची होती. या मोडच्या चालींमध्ये एखादी ओळ स्वरितेच्या खालच्या स्वरावर, आपल्या भाषेत मंद्र कोमल निषादावर, खरोखर विसावू शकते. पण पाठीमागे षड्ज अखंड घुमत असेल तर तो विसावा अर्धवट भासतो आणि ऐकणारा पुढच्या ‘सा’ची वाट पाहू लागतो.

उपाय सापडला तो पेरोतँच्या ऑर्गानुममध्ये, म्हणजे चर्चच्या चालीवर रचलेल्या जुन्या बहुपदरी गायनात. 1200च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दामशी निगडित असलेल्या या रचनाकाराच्या चौपदरी रचनांमध्ये मूळ चालीचा एकेक स्वर खालच्या आवाजात लांबवर ताणला जातो आणि त्यावर वरचे आवाज खेळतात, म्हणजे आधारस्वर असतो, पण तो चालीबरोबर सरकत राहतो. आता आमचा पेटीवाला चालीचा एक स्वर धरून ठेवतो, माझा विस्तार संपत आला की मानेने खूण करतो आणि पुढच्या स्वरावर जातो. विसाव्याच्या जागा आता मोकळ्या वाटतात.

सॅक्सोफोनवादक यान गारबारेक आणि हिलियर्ड एन्सेंबल हा गायकगट यांचे ‘ऑफिशियम’ (1994) हे ध्वनिमुद्रण मी या काळात पुन्हा पुन्हा ऐकले. त्यात सोळाव्या शतकातील स्पॅनिश रचनाकार मोरालेसची एक रचना तीनदा येते आणि त्यांपैकी एकदा सॅक्सोफोन वाजतच नाही. माझ्या मते, त्या गप्प राहण्यातच वादकाची खरी समज दिसते. त्यामुळे आम्हीही विषम कडवी निव्वळ गळ्याने गायची आणि सम कडव्यांतच उपज करायची, असे ठरवले.

गेल्या रविवारी दुपारी मित्रांच्या ओळखीने रिकाम्या चर्चमध्ये दोन तास मिळाले. घरच्या खोलीत मी शांततेला घाबरून जागा भरत असे. तिथे एक स्वर सोडला की तो छतापर्यंत जाऊन परत येईस्तोवर थांबावेच लागते. दुसऱ्या कडव्यात मी जेमतेम पाच स्वर वाजवले. चौथ्यात मात्र गायक श्वास घेण्याआधीच शिरलो आणि त्यांचे शेवटचे अक्षर बुडाले. सहाव्या कडव्यात रीड (मुखपट्टीवरची वेताची पट्टी) कोरडी पडून वरचा पंचम चिरकला. पुढील महिन्यात चाल तीच ठेवून केवळ शिरण्याच्या जागांचा रियाज करणार आहे.