प्रिंट निघत होती, म्हणून कुणी पाहिलंच नाही

तक्रार एवढीच होती की मॅकवरून प्रिंट जात नाही. प्रिंटर यूएसबीनं एका विंडोज मशीनला जोडलेला आणि तिथूनच शेअर केलेला. विंडोजवाल्यांचं सुरळीत चालू होतं, त्यामुळे दोष मॅकचा आणि लिनक्सचा, असं ठरूनही गेलं होतं. मिश्र ऑफिसांत ज्या सिस्टिमची माणसं जास्त, तिची चूक कधी निघत नाही.

शेअरिंग तपासायला त्या विंडोज मशीनची रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जची नोंदवही, उघडली आणि मॅक बाजूलाच राहिला. स्पूलरशी, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणाऱ्या विंडोजच्या सेवेशी, होणारा संवाद ओळख पटवून, एन्क्रिप्ट होऊनच व्हावा, ही सक्ती ठरवणारी नोंद कुणीतरी शून्य करून ठेवली होती. सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनं ती सक्ती लागू झाली, तेव्हा कितीतरी शेअर केलेले प्रिंटर ११बीनं संपणारा एरर देऊन अडले होते. नोंद शून्य केली की एरर जातो, पण संरक्षणही जातं. आणि स्पूलरमधून शिरणाऱ्याला मशीनचे सगळे अधिकार मिळू शकतात, हे प्रिंटनाइटमेअर नावाच्या त्रुटीनं त्याच वर्षी दाखवून दिलं होतं.

“लोकांची कामं अडली होती,” ज्यानं केलं तो सहकारी म्हणाला. ते खरंच होतं. पण कुठं लिहून ठेवलं नाही, याचा राग मला अजून आहे.

प्रिंटर काढून एका लिनक्स मशीनला लावला आणि कप्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाई-व्यवस्थेत, त्याची रांग बनवून शेअर केली. मॅकला काही सांगावंच लागलं नाही. त्याच्या पोटातही २००२ पासून कप्सच आहे. बोंजूरमुळे, म्हणजे नेटवर्कवरच्या सेवा आपोआप शोधणाऱ्या अॅपलच्या सोयीमुळे, रांग आपोआप यादीत आली. हे दर वेळी बघताना मला तितकाच आनंद होतो. विंडोजला मात्र पत्ता हातानं द्यावा लागला: एचटीटीपी, मशीनचं नाव, पोर्ट ६३१, पुढे ‘प्रिंटर्स’ आणि रांगेचं नाव. बहुतेक जण घसरतात ते ड्रायव्हरपाशी, म्हणजे प्रिंटरशी बोलणारं सॉफ्टवेअर निवडताना. प्रिंटरच्या मॉडेलचा शोधत बसतात. इथं पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या सर्वसाधारण भाषेचा साधा ड्रायव्हर पुरतो, कारण प्रिंटरला कळेल असं रूप देणं हे कप्सचं काम.

जुन्या मशीनवरचं शेअरिंग बंद केलं, रजिस्ट्रीतली नोंद शून्याची पुन्हा १ केली. विंडोजवाल्यांनी विचारलं, “चाललं होतं ना, मग बदललं कशाला?” मी स्पूलरचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागद उचलून गेले. मॅकची तक्रार आली नसती, तर तो शून्य तसाच राहिला असता. बाकीच्या मशीनच्या रजिस्ट्रीही तपासू द्या, असं लेखी मागितलंय, उत्तर यायचंय.